'स्वामी' वाचावी की बघावी?

आमच्या गोतावळ्यात वर्षातून दोन-तीनदा तरी एक वाद हमखास निघतो. पुस्तक आधी वाचावं की त्यावरचा सिनेमा आधी बघावा? माझ्या वयाची सगळी एका सुरात म्हणतात, आधी पुस्तक. भाचे-पुतणे म्हणतात, "काकू, वेळ कुणाकडे आहे? आधी बघतो, आवडलं तर वाचू." मग कुणीतरी 'सिनेमावाल्यांनी पुस्तकाची पार वाट लावली' हे ठरलेलं वाक्य टाकतं. तेवढ्यात चहा येतो आणि वाद तिथेच राहतो.

मला विचाराल तर आधी-नंतरचा प्रश्न फार मोठा नाही. कुठल्याही दाराने आत जा. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. एखादी गोष्ट आपल्याला फार आवडली, डोळ्यांत पाणी आलं, की ती आपल्याला पटलीच असं आपण धरून चालतो. पुस्तकाच्या बाबतीतही आणि पडद्याच्या बाबतीतही. आवडणं वेगळं, पटणं वेगळं. हे मी वर्गात तीस-बत्तीस वर्षं सांगत आले आणि आता इथे सांगते. उदाहरण घेते 'स्वामी'चं, कारण ती आमच्या भागातली गोष्ट आहे.

आमच्या भागातली म्हणजे कशी, ते सांगते. मी नोकरीला लागले ती शिरूरला. जुनी माणसं शिरूरला अजून घोडनदीच म्हणतात. गाव घोड नदीच्या काठावर, पलीकडे नगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर). याच घोड नदीवर ७ नोव्हेंबर १७६२ ला माधवराव पेशवे आणि त्यांचे चुलते राघोबादादा यांच्या फौजा समोरासमोर आल्या, आणि पाच दिवसांनी, १२ नोव्हेंबरला, आलेगावजवळ माधवरावांना चुलत्यापुढे हार पत्करावी लागली. पानिपत होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. पेशवा सतरा वर्षांचा! पुढे त्याच पोराने राक्षसभुवनला निजामाला हरवलं, राज्याची घडी बसवली आणि १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरच्या चिंतामणीच्या देवळात क्षयाने देह ठेवला. वय सत्तावीस. रमाबाई तिथेच सती गेल्या. थेऊरला नदीकाठी त्यांचं वृंदावन आहे.

पुढे आमच्या यांची दौंडला रेल्वेत बदली झाली, मलाही यथावकाश दौंडच्या शाळेत जागा मिळाली, आणि सोलापूर रस्त्यावरून पुण्याला जाता-येता थेऊर फाटा कायमचा वाटेवर आला. पण खरं सांगू का, त्या फाट्यावर आलं की इतिहासाचं पुस्तक कुणालाच आठवत नसे. आठवायची ती 'स्वामी'.

कोवाडच्या रणजित देसाईंची ही कादंबरी १९६२ साली आली. म्हणजे घोड नदीवरच्या त्या भाऊबंदकीला बरोबर दोनशे वर्षं झाली होती. १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शाळेच्या कपाटातली 'स्वामी' मी कधी जाग्यावर पाहिली नाही. शिक्षकांकडून शिक्षकांच्या बायकांकडे, तिथून शेजारी, तिथून माहेरी. बांधणी सुटलेली, पानं पिवळी, पण मागणी कमी नाही. रेल्वे क्वार्टर्समधल्या बायका दुपारी एकमेकींना वाचून दाखवायच्या. त्यांतल्या काही चौथी-पाचवीच्या पुढे शिकलेल्या नव्हत्या, पण शनिवारवाड्यात कोण कुणावर रागावलं आहे हे त्यांना घरच्यासारखं ठाऊक होतं.

इथेच पहिली गंमत आहे. पुस्तकावरचा सिनेमा आला की आपण म्हणतो, मूळ बदललं. अहो, पण 'स्वामी' तरी काय आहे? तेही रूपांतरच आहे, इतिहासाचं. कागदपत्रांत पेशव्यांची पत्रं सापडतात, हिशेब सापडतात, फौजेच्या कूचाच्या नोंदी सापडतात. नवरा-बायको रात्री एकमेकांशी काय बोलले ते कुठल्याच दप्तरात नसतं. ते देसाईंनी लिहिलं, आणि इतकं गोड लिहिलं की आपण तेच खरं धरलं. कादंबरीकाराने ते करायचंच असतं, त्यात त्याचा दोष नाही. मात्र कादंबरीकाराला जी मोकळीक आपण खुशीने देतो ती दिग्दर्शकाला देताना आपला हात आखडतो. हे काही न्यायाचं नाही.

मग १९८७ साली दूरदर्शनवर 'स्वामी' मालिका आली. दिग्दर्शक गजानन जागीरदार. प्रभातच्या 'रामशास्त्री' (१९४४) चित्रपटात रामशास्त्री झाले होते तेच. म्हणजे पेशवाईशी त्यांचा चाळीस-बेचाळीस वर्षांचा परिचय! माधवराव झाले रवींद्र मंकणी आणि रमाबाई झाली मृणाल देव, आताची मृणाल कुलकर्णी. तेव्हा ती सोळा वर्षांची होती.

तेव्हाचा टीव्ही आठवतो ना? गच्चीवर अँटेना, खाली एक पोरगं ओरडतंय "आलं, आलं... गेलं!", पडद्यावर मुंग्या. ज्यांच्या घरी टीव्ही त्यांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग. आमच्याकडे वीसेक माणसं जमायची. त्यात कादंबरी वाचलेल्या निम्म्यासुद्धा नसतील. पण मालिका संपली की दुसऱ्या दिवशी पुस्तकाला नंबर लागायचे. पडदा पुस्तकाला मारतो असं म्हणणाऱ्यांनी ते नंबर बघायला हवे होते. आमच्याकडे पडद्यानेच वाचक आणले.

नुकसान काहीच नाही असंही नाही. मालिकेआधी माझ्या मनात माधवरावांचा एक चेहरा होता. धूसर, पण माझा. मालिकेनंतर तो पुसला गेला आणि त्या जागी मंकणी येऊन बसले ते कायमचे. आजही पुस्तक उघडलं की त्यांचाच आवाज ऐकू येतो. वाचताना प्रत्येकाचा वेगळा माधवराव असतो, बघताना सगळ्यांचा एकच होतो. हा तोटा आहे आणि तो मान्य करावा. पण वीस जणांनी एकाच माणसासाठी एकाच वेळी हळहळायचं, हे सुख एकट्याने वाचताना मिळत नाही, हेही तितकंच खरं.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

त्याच वर्षी, ४ सप्टेंबर १९८७ ला, राजस्थानातल्या देवराळा गावात रूपकुंवर नावाची अठरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या चितेवर जळाली. वर्तमानपत्रं त्या बातमीने भरली होती. पुढे १९८७ चा सती प्रतिबंधक कायदा झाला आणि त्यात सतीचं उदात्तीकरण करणं हाही गुन्हा ठरला. इकडे आमच्याकडे 'स्वामी' अगदी ताजी होती. नववीच्या वर्गातली एक मुलगी उभी राहिली. एरवी तोंडातून शब्द न काढणारी. म्हणाली, "बाई, रमाबाई सती गेल्या तेव्हा आमच्या घरी सगळे रडले आणि आईने हात जोडले. आणि पेपरातलं वाचून बाबा म्हणाले, राक्षस आहेत ती माणसं. मग दोन्ही एकच नाही का?"

वर्ग गप्प झाला. मीही क्षणभर थांबले, कारण इतका सरळ प्रश्न मोठ्या माणसांनी मला कधी विचारला नव्हता.

मी तिला सांगितलं, चितेवर जाणं दोन्हीकडे एकच आहे. सांगणारा बदलला की आपल्याला ते वेगळं वाटतं. आणि मग आम्ही इतिहासाचं पुस्तक काढलं. पेशव्यांच्या घरातच बघितलं. नानासाहेब पेशवे १७६१ ला वारले, गोपिकाबाई सती गेल्या नाहीत. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पार्वतीबाईंनी ते गेले असं कधी मानलंच नाही आणि त्या जगल्या. खंडेराव होळकर १७५४ ला कुंभेरीला पडले, अहिल्याबाई निघाल्या होत्या, पण मल्हाररावांनी त्यांना थांबवलं. पुढे त्यांनी काय राज्य केलं ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे त्या काळीसुद्धा 'जावंच लागे' असं नव्हतं. जगलेल्या बायका होत्या, आणि त्यांच्या जगण्याने पुष्कळ काही घडलं. अहिल्याबाई त्या दिवशी गेल्या असत्या तर? मुलींनी या 'तर'वर एक आख्खा तास बोलून घालवला. तो माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला तास असेल.

मग काय, 'स्वामी' वाचू नये? छे! मी ती आजवर कितीदा वाचली याचा हिशेब नाही, आणि शेवटाकडे आलं की आजही माझा घसा दाटतो. ते दोघांचं प्रेम, ते आजारपण, ते चिंतामणीचं देऊळ... भाषेची किमया आहे ती. पण किमयाच आहे हे लक्षात असू द्यावं. जे लिखाण इतकं सुंदर असतं, ते वाचताना आपला विवेक थोडा जास्तच जागा ठेवावा लागतो. वाईट लिहिलेलं पुस्तक आपल्याला काही गळी उतरवू शकत नाही. सुंदर पुस्तक उतरवू शकतं. म्हणून आस्वाद घ्यावा, भरभरून घ्यावा, पण अनुमोदनाची सही लगेच करू नये.

आणि इथे पडद्याचा एक उपकार मला मानावासा वाटतो. पुस्तकात रमाबाई शब्दांच्या आड असतात. शब्द आपल्याला बोटाला धरून नेतात आणि आपण जातो. पडद्यावर मात्र सोळा वर्षांची एक हाडामांसाची मुलगी समोर दिसते. आपल्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसेल अशी. त्या नववीतल्या मुलीला प्रश्न पडला तो कादंबरी वाचून नव्हे, तर पडद्यावर आपल्याएवढी मुलगी बघून. वाचून मलासुद्धा तो इतक्या उघडपणे पडला नव्हता.

पुढची गंमत बघा. जी मुलगी १९८७ साली रमाबाई झाली, तिनेच २०१४ साली 'रमा माधव' हा चित्रपट दिग्दर्शित केला. रमा झाली पर्ण पेठे, माधवराव झाला आलोक राजवाडे. स्वतः मृणालताई गोपिकाबाई झाल्या आणि पूर्वीचे माधवराव मंकणी नानासाहेब झाले, म्हणजे आपल्याच वडिलांच्या भूमिकेत! हे बघताना आम्हा जुन्या प्रेक्षकांची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करा. चित्रपट 'स्वामी'ची बरोबरी करतो का, यावर आमच्या घरात अजून भांडण आहे, मी त्यात पडत नाही. मला त्याचं नाव बोलकं वाटलं. 'स्वामी' या नावात गोष्ट त्याची आहे, ती त्याची बायको आहे. 'रमा माधव' या नावात ती आधी येते. पन्नास वर्षांत सांगणारा बदलला की गोष्टीचा कोन बदलतो तो असा. म्हणूनच अभिजात गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली जावी. प्रत्येक वेळी मागच्याने सोडलेलं काहीतरी हाती लागतं.

पण काही गोष्टी कुणाच्याच हाती लागत नाहीत. थेऊर फाट्यावरून तसंच दौंडकडे आलं की चाळीसेक किलोमीटरवर चौफुला लागतं आणि आत केडगाव. तिथे आणखी एक रमाबाई राहिल्या. पंडिता रमाबाई. १८८२ साली वैधव्य आलं तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या, कडेवर लहान मुलगी. १८८९ ला मुंबईत शारदासदन काढलं, ते पुण्याला आणलं आणि पुढे दुष्काळ-प्लेगच्या काळात केडगावला मुक्तिसदन उभं केलं. विधवा, टाकलेल्या बायका, दुष्काळातल्या अनाथ पोरी, शेकड्यांनी तिथे आल्या. शिकल्या, छापखाना चालवला, शेती केली. बाई ५ एप्रिल १९२२ ला केडगावलाच वारल्या. त्यांच्या धर्मांतरावरून लोकांनी त्यांच्याशी वाद घातला, अजूनही घालतात. तो वाद बाजूला ठेवून मी एवढंच म्हणते की एकाच रस्त्यावर एका रमाबाईचं मरण आहे आणि एका रमाबाईचं जगणं आहे. मरणावर कादंबरी, मालिका, चित्रपट. जगण्यावर घरोघरी पोचलेलं असं काही निघालं नाही. का बरं? मरणाचं सौंदर्य दीड-दोन तासांत मावतं आणि चाळीस वर्षांच्या चिकाटीचं मावत नाही, म्हणून? की आपल्यालाच जळणारी बाई जास्त भावते, भांडणारी बाई कमी?

तसं म्हणावं तर तिसरी रमाबाई पडद्यावर आली आणि गाजली. रमाबाई रानडे. त्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१० चं. २०१२ साली त्यांच्या आयुष्यावर 'उंच माझा झोका' मालिका आली आणि आमच्या दौंडच्या भिशीमंडळात संध्याकाळी फोन करायची बंदी झाली. एक बाई पाटीवर अक्षरं गिरवते, घरच्या बायकांचे टोमणे खाते, पुढे इंग्रजी शिकते... एवढ्याशा गोष्टीवर लोक महिनोन्‌महिने खिळून राहिले. म्हणजे जगण्याची गोष्टही चालते! फक्त कुणीतरी ती सांगायला हवी.

मी आजकाल नातवंडांबरोबर बघते-वाचते तेव्हा एक साधा नियम ठेवला आहे. सगळी इंग्रजी माध्यमाची, मराठी वाचताना जोडाक्षराला अडखळणारी. 'श्यामची आई' त्यांना आधी वाचायला दिलं असतं तर पहिल्या पानावर पुस्तक मिटलं असतं. म्हणून आधी अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट दाखवला, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला. मग सुजय डहाकेंचा २०२३ चा दाखवला, तोही कृष्णधवल. आणि मग पुस्तक. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेलं ते पुस्तक एकेका रात्रीची एकेक गोष्ट असं आहे, म्हणून आम्हीही एका रात्री एकच वाचतो. वाचून झालं की तीन प्रश्न. सिनेमाने काय ठेवलं? काय गाळलं? काय पदरचं घातलं? आणि हल्ली मी चौथा जोडला आहे. या गोष्टीत किंमत कुणी मोजली, आणि ती त्याने मोजायला हवी होती का?

माझा मुलगा म्हणतो, "आई, इतका विचार करत बसलं तर मजा काय राहिली?" मला तरी उलट अनुभव आहे. प्रश्न विचारून जी गोष्ट मरते ती मुळातच अशक्त असते. 'स्वामी'ला मी इतके प्रश्न विचारले, तरी ती उभी आहे. पुन्हा वाचायला घेतली की पहिल्या पानापासून ओढून नेते. देवळात हात जोडणं वेगळं आणि पुस्तकापुढे हात जोडणं वेगळं. पुस्तकाशी बोलायचं असतं, जरूर पडली तर भांडायचं असतं.

तर भाचे-पुतणे मंडळी, आधी बघा, खुशाल बघा. काकूची हरकत नाही. पण बघून झाल्यावर वाचा आणि वाचून झाल्यावर एक दिवस काढून इकडे या. सकाळी थेऊरला चिंतामणीचं दर्शन घेऊ, नदीकाठच्या वृंदावनापाशी दोन मिनिटं उभं राहू, आणि दुपारी केडगावला जाऊ. चाळीस किलोमीटरचा रस्ता आहे, मध्ये यवतला चहा पिऊ. दोन्ही रमाबाईंना भेटल्याशिवाय 'स्वामी' पुरती वाचून झाली असं मी तरी म्हणणार नाही.

तुम्ही कुठली कलाकृती आधी बघितली आणि मग वाचली? आवडली पण पटली नाही अशी कुठली? जरूर कळवा.